सुरमई पुलाखालून जाते तेव्हा

कालव्याकाठी, फ्लोरिडा
चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप पुंडलिकदादांच्या चरणी विद्याधरचा साष्टांग दंडवत. (वेंगुर्ल्याच्या दिशेला तोंड करूनच घातला आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे इथून कुठल्याही दिशेला तोंड केलं तरी चालतं, ही या देशात राहण्याची एक सोय.)

इकडे सर्व क्षेम आहे. तुमच्या गुडघ्याला नवं तेल मानवलं का? वहिनींचा खोकला उतरला का? मागच्या दारच्या फणसानं यंदा धरलं का? ही विचारपूस केवळ रीत म्हणून केलेली नाही, उत्तराची अपेक्षा आहे. मागच्या पत्रात मी तुम्हाला आठ गोष्टी विचारल्या होत्या. त्यांपैकी एकीचंच उत्तर तुम्ही दिलंत, आणि ती मी विचारलेली नव्हती. तुमच्या भगिनी सुखरूप आहेत. दवाखान्याच्या औषधालयात दिवसभर उभ्या राहून घरी आल्यावर त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात तीत गेल्या शनिवारपासून किंचित फरक पडला आहे. त्या फरकाचं कारण सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

दादा, तुमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आलो त्या दिवशी भर पंगतीत तुम्ही म्हणाला होतात, की जावईबापूंची आणि माशाची ओळख फक्त ताटातली. तेव्हा मी गप्प बसलो, कारण तोंडात बांगडा होता. शिवाय विधान खरंच होतं. शास्त्रीबुवांकडे दोन तपं घासून मी न्याय शिकलो, थोडंफार वेदांत शिकलो, पण गळाला आमिष कसं लावतात हे त्यांच्या पोथीत नव्हतं. त्या विधानाला आता सत्तावीस वर्षं झाली. गेल्या शनिवारी, चैत्री पौर्णिमेला, दुपारी एकच्या सुमारास, या हातांनी मी अडतीस पौंडांची सुरमई समुद्रातून वर काढली. (इकडे तिला राजमासा म्हणतात. लांबीला ती तुमच्या कमरेपर्यंत आली असती.) आता तुम्हाला जे म्हणायचं असेल ते म्हणा.

पण सुरमई निघणं ही गोष्टीची निम्मी बाजू. ती कुणासाठी निघाली हे आधी सांगायला हवं.

आमच्या शेजारी हार्लन स्टबलफील्ड नावाचे शहात्तर वर्षांचे गृहस्थ राहतात. मासेमारी हा त्यांचा धंदा नव्हे, पण दुसरा काही धंदा त्यांनी मनापासून केला असेल असं वाटत नाही. आमच्या खाऱ्या कालव्यावर दर वसंतात, सुरमईचे थवे उत्तरेकडे सरकतात त्या दिवसांत, एक सामना भरतो. पहाटे निघायचं, समुद्रात पंधरा-वीस मैल जायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत मासा कालव्याच्या आतल्या टोकाच्या धक्क्यावर, वजनकाट्याला लावायचा. बक्षीस म्हणून एक लाकडी पेलिकन मिळतो. गुडघ्याएवढा आहे, एक डोळा उडालेला. गेली अकरा वर्षं तो वेंडेल क्रम यांच्या धक्क्यावर आहे, आणि अकरा वर्षं वेंडेलनं त्याची चोच नेमकी हार्लनच्या घराच्या दिशेला वळवून ठेवली आहे. अकरा वर्षं हार्लन दुसरा. एका वर्षी तर पाव पौंडानं. त्या वर्षापासून दोघं एकमेकांशी हवामान सोडून दुसरं काही बोलत नाहीत, आणि हवामानाबद्दलही त्यांचं एकमत होत नाही.

यंदाचा सामना हार्लनचा शेवटचा होता. त्याची बायको नडीन हिनं जॉर्जियात मुलीच्या शेजारी घर बघून ठेवलं आहे. तिथून समुद्र दोनशे मैल. बोट टँपाच्या एका दातांच्या डॉक्टरला द्यायचं ठरलं होतं, सोमवारी तो न्यायला येणार होता. म्हणजे शनिवारी पेलिकन आला तर आला, नाही तर हार्लननं उरलेलं आयुष्य जॉर्जियातल्या एखाद्या तळ्याकडे बघत वेंडेलच्या चोचीची आठवण काढत घालवायचं. हे सगळ्या कालव्याला ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं, पण त्या आठवड्यात नडीनकडे दोन माणसांना पुरून उरतील इतक्या पाय जमा झाल्या. (पाय म्हणजे फळांची पोळी समजा. चरण नव्हेत.)

आता यात मी कुठून आलो? सामन्याचा नियम असा, की बोटीत किमान दोघं हवेत. हार्लनचा नेहमीचा साथीदार म्हणजे त्याचा मेहुणा, आणि मेहुण्यानं ऐन वेळी गुडघा बदलून घेतला. (मेहुण्यांच्या गुडघ्यांविषयी मी आणखी काही लिहीत नाही.) गुरुवारी हार्लन कुंपणापाशी आला, बराच वेळ माझ्या कढीपत्त्याच्या झाडाकडे बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "प्रोफेसर, तुला पोहता येतं का?"

"येतं," मी म्हणालो.

"मग पडलास तरी चालेल. शनिवारी पाचला ये."

एकोणीस वर्षं मी या कालव्यावर राहतो, दादा. एकोणीस वर्षं लोक मला प्रोफेसर म्हणतात, हात हलवतात, कर भरण्याच्या दिवसांत माझ्याकडून बेरजा तपासून घेतात. बोटीवर कुणी बोलावलं नव्हतं. मी हो म्हणालो. सुधा म्हणाली, "तुम्ही? बोटीवर?" यातला 'तुम्ही' अधिक लांब होता की 'बोटीवर', ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पहाटे पहिलं काम आमिष पकडण्याचं. कालव्यातल्या दिव्यांखाली लहान मासे जमतात, त्यांच्यावर पाग टाकायचा. आपल्या खाडीत टाकतात तोच पाग, पण इकडची पद्धत अशी, की जाळ्याची शिशाची कड एका ठिकाणी दातांत धरायची, दोन्ही हातांनी उरलेलं जाळं झोकायचं आणि बरोबर त्या क्षणी तोंड उघडायचं. हार्लननं तीनदा टाकून दाखवला आणि त्याच्या तोंडातून निघालेली ती ओली कड माझ्यासमोर धरली. दादा, तुम्हाला सांगायला नको, आपण दोघंही एकाच तऱ्हेच्या शिस्तीत वाढलो आहोत. मी म्हणालो, "हे उष्टं आहे." इंग्रजीत उष्ट्याला शब्द नाही. मी समजावून सांगू लागलो, की लाळेचा स्पर्श झालेली वस्तू दुसऱ्यानं, वगैरे. हार्लन ऐकत राहिला. मग म्हणाला, "प्रोफेसर, हे जाळं माझ्या बापाच्या तोंडात होतं, त्याच्या आधी माझ्या आजोबाच्या. आता तू धर, नाहीतर घरी जा." म्हणजे उष्टं होतं ते तीन पिढ्यांचं. मी मनातल्या मनात आचमन केलं आणि धरलं. पाग टाकला. तोंड उघडायचं राहिलं. (पुढचा दात हलतो आहे, पण पडणार नाही असं सुधाचं मत आहे.) चौथ्या खेपेला मात्र जाळं पत्रावळीसारखं गोल पडलं. वर ओढलं तर आत तीसेक चंदेरी मासे. हार्लननं डोक्यावरच्या टोप्यांपैकी एक काढून मला दिली. (दोन घालून आला होता, का ते विचारलं नाही.)

समुद्रात सकाळी काय झालं याचं सविस्तर वर्णन करत नाही. वारा तीन दिवस नैर्ऋत्येचा होता आणि लाटा लांब, संथ, एखाद्या कंटाळवाण्या भाष्यकारासारख्या, म्हणजे संपली असं वाटावं तर खालून पुढची यायची. आयुर्वेदात पंचकर्मांपैकी जे पहिलं सांगितलं आहे, वमन, ते मी उजव्या बाजूला, वाऱ्याची दिशा पाहून, सात वेळा केलं. त्यानं देह हलका होतो असं ग्रंथांत म्हटलं आहे, ते बरोबर आहे. हार्लननं त्याकडे लक्ष दिलं नाही. एकदा फक्त म्हणाला, "आमिष टाकलंस ते बरं झालं."

एक वाजता गळाची काठी वाकली. वाकली म्हणजे नमस्कार केल्यासारखी टोकापासून मुठीपर्यंत, आणि रिळातून असा आवाज आला की मला वाटलं यंत्र बिघडलं. मी त्या वेळी आठव्या खेपेच्या तयारीत होतो. हार्लनला चाक सोडता येईना, बोट वळवायची होती. तो ओरडला, "धर! प्रोफेसर, धर! ओढू नको! अरे ओढू नको म्हणतोय ना! जाऊ दे तिला! आता ओढ! आता! आता कशाला ओढतोस!" वीस मिनिटं हे असं चाललं. तीन वेळा सुरमई बोटीजवळ आली, आम्हाला पाहिलं आणि परत निघून गेली. (मी तिच्या जागी असतो तर मीही गेलो असतो.) माझे हात लाकडाचे झाले, टोपी समुद्रात गेली. पण, दादा, एक सांगतो, त्या वीस मिनिटांत मला मळमळलं नाही, गुडघे दुखले नाहीत, शास्त्रीबुवा आठवले नाहीत, तुम्हीसुद्धा आठवला नाहीत. चौथ्या वेळी ती आली तेव्हा हार्लननं चाक सोडलं, लांब दांड्याची आकडी घातली आणि ती बोटीत आली. चांदीची होती, दुपारच्या उन्हात बघवेना. हार्लन तिच्याकडे बघत खाली बसला. म्हणाला, "अडतीस." मग टोपी डोळ्यांवर ओढून घेतली आणि बराच वेळ इंजिनात काहीतरी शोधत राहिला. इंजिन चालूच होतं.

परतताना रेडिओवर कळलं, की वेंडेलची सुरमई छत्तीस पौंडांची, काट्याला लागून गेली. म्हणजे फक्त पोहोचायचं होतं. आम्ही साडेचारला कालव्याच्या तोंडाशी आलो, आणि तिथे पूल होता.

पूल नेहमीच असतो. रस्त्याचा लहानसा पूल आहे, खालून बोटी जातात. पण हार्लनच्या बोटीवर त्यानं स्वतः वेल्डिंग करून बसवलेलं ॲल्युमिनियमचं छत आहे. (नडीनला ऊन लागू नये म्हणून बसवलं. त्यानंतर नडीन एकदाही बोटीत बसली नव्हती.) एरवी ते पुलाखालून चार इंचांनी जातं. त्या दिवशी पौर्णिमेचं उधाण, वर तीन दिवसांच्या वाऱ्यानं आत ढकललेलं पाणी. छत पुलाच्या खालच्या कडेपेक्षा दोन इंच वर. आणि भरती अजून तासभर चढायचीच होती. मासा हातात घेऊन पुलावरून चालत जाता येत नाही. कोणे एके काळी एकानं बाजारातला मासा गाडीतून आणून काट्याला लावला होता, तेव्हापासून मासा पाण्यातूनच आला पाहिजे असा नियम आहे.

मला वाटलं, संपलं. हार्लननं मात्र भोंगा वाजवला. तीन वेळा.

आमच्या कालव्यावर तीन भोंग्यांचा अर्थ एकच, वजन हवं. उधाणाच्या दिवसांत कुणाची बोट पुलाबाहेर अडकली की तो तीन भोंगे देतो. घरात जो असेल त्यानं हातातलं टाकून पुलाशी यायचं, बोटीत बसायचं, बोट दबली की पुलाखालून जायचं, पलीकडे उतरायचं, आणि घरी. आभार मानायची पद्धत नाही, नाही म्हणायचीही नाही. आधी नडीन आली, पिठाच्या हातांनी. मग निवृत्त पोस्टमन. मग चर्चमध्ये बाजा वाजवणाऱ्या दोघी बहिणी, दोघीही भारदस्त. मग एक गृहस्थ कुत्र्यासह. मग सुधा, कामावरून थेट, गाडीतली बासमतीची वीस पौंडी गोणी काखोटीला मारून. "तांदूळ कशाला?" मी विचारलं. "वजन म्हणाले ना?" ती म्हणाली आणि माझा अवतार बघत बोटीत चढली. हार्लननं आमिषाच्या टाकीत पाणी भरलं. बोट दबली. छत आलं खाली. तरी अजून अर्धा इंच कमी पडत होता. घड्याळात पावणेपाच, आणि पाणी चढत होतं.

हे सगळे बसले कुठून? पुलाला लागून जो धक्का आहे, त्यावरून. तो धक्का वेंडेलचा. आणि वेंडेल तिथेच होता, लोखंडी खुर्चीत, शेजारी पेलिकन. वेंडेल क्रम हे तीनशे पौंडांच्या घरातले गृहस्थ आहेत. कुणी त्याच्याकडे बघेना. हार्लन तर मुळीच बघेना, तो पुलाची खालची बाजू अशी न्याहाळत होता जणू ती त्यानंच बांधली होती.

"वेंडेल," नडीन म्हणाली, "भोंगा ऐकू आला नाही का?"

"आला." वेंडेल म्हणाला. "किती पौंडाची आहे?"

"काट्यावर कळेल," हार्लन पुलाला म्हणाला.

"माझी छत्तीस."

"ऐकलं."

"म्हणजे मी बसलो तर हरलो."

"आणि नाही बसलास," नडीन म्हणाली, "तर सोमवारपासून ही चोच कुणाकडे वळवशील? कढीपत्त्याकडे?"

वेंडेलनं पाण्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, सुधाच्या तांदळाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग उठला. "खुर्ची घेऊन येऊ का?" त्यानं विचारलं. "लोखंडी आहे."

दादा, तो खुर्ची घेऊन आला. दुसऱ्या काखेत पेलिकन. त्यानं पाय ठेवला तशी बोट हुंकारली. हार्लन अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी हवामान सोडून बोलला. "मागे जा. आणखी मागे. कुत्र्याच्या शेजारी बस. हालू नको." आम्ही सगळे मान खाली घालून, एकमेकांच्या मांड्यांवर, सुरमईच्या आजूबाजूला. बोट पुलाखाली शिरली. छतानं वर एक किंकाळी फोडली, बहिणींपैकी एकीनं दुसरी, रंगाची एक लांब पापडी वेंडेलच्या डोक्यावर पडली, आणि उजेड आला. पलीकडच्या काठावर लोक उभे होते. जे ओरडले ते मी सांगत नाही, तुम्ही ते वेंगुर्ल्यात ऐकलं असेल.

चार वाजून छप्पन्न मिनिटं. अडतीस पौंड, तीन औंस. हार्लननं काट्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. वेंडेलनं पेलिकन त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "छत कापून घे. पुढच्या वर्षी मी बसणार नाही."

"पुढच्या वर्षी बघू," हार्लन म्हणाला.

नडीननं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, ते फक्त मी पाहिलं.

मला लोकांनी खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला. बहिणींपैकी थोरलीनं जवळजवळ उचललंही. हार्लन सगळ्यांसमोर म्हणाला, "मासा प्रोफेसरनं काढला. मी फक्त ओरडलो." सुधानं रात्री सुरमईचे तुकडे तळले, आलं-लसूण-कोकम लावून, आणि वाढताना म्हणाली, "घ्या, तुमची." दादा, सत्तावीस वर्षांत मला तिनं वाढलेला कुठलाही मासा असा माझा नव्हता. पंगतीतलं ते तुमचं वाक्य आता मागे घ्यावं, ही नम्र विनंती. वहिनींसमोर घेतलंत तर अधिक बरं.

तीर्थस्वरूप वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो उत्तरातून दिसावा.

आपला आज्ञाधारक
विद्याधर

ता. क. जॉर्जिया रद्द झालं. जो जिंकतो त्यानं पुढच्या वर्षीच्या सामन्याचं यजमान व्हायचं, हा नियम मला आधी कुणी सांगितला नव्हता. (नडीनलाही नाही, असं ती म्हणते. पण ती परवापासून शीळ घालते आहे.) दातांचे डॉक्टर रिकाम्या हातांनी परत गेले. हार्लननं मला कायमचा साथीदार जाहीर केलं असून दर शनिवारी पहाटे सराव ठरवला आहे. दादा, आता मुद्द्याचं. वर पंचकर्माविषयी मी विनोदानं लिहिलं, ते विनोदाचं नाही. मला समुद्र सोसत नाही. किनारा दिसेनासा झाला की मला मोक्षाची इच्छा होते. हे इथे कुणाला सांगता येत नाही, कारण मी विजेता आहे. तुमच्या नातवाला आठवं लागलं. त्याची मुंज पुढच्या वर्षी ऐन चैत्री पौर्णिमेला, म्हणजे सामन्याच्या सुमारासच, काढा, पंचांगात बसवायचं काम माझ्याकडे लागलं, आणि आचार्य म्हणून मला तातडीनं बोलावून घ्या. पत्र जरा कडक शब्दांत लिहा, म्हणजे हार्लनला वाचून दाखवता येईल.

ता. क. दुसरा. पोस्टाचं तिकीट आणायला उशीर झाल्यामुळे पत्र पडून होतं, तेवढ्यात असं झालं. मी मुंजीची शक्यता हार्लनच्या कानावर घातली. काल संध्याकाळी वेंडेलच्या धक्क्यावर सभा भरली. बहिणी होत्या, पोस्टमन होता, कुत्रा होता. असं ठरलं, की प्रोफेसरच्या घरी कार्य असेल तर सामना पंधरा दिवस पुढे जाईल. यापूर्वी तो फक्त एका चक्रीवादळासाठी पुढे गेला होता. ठराव वेंडेलनं मांडला. आता मी काय बोलू? मुंज तुमच्या सोयीनं काढा, मी येईन. आणि परत वेळेवर इकडे येईन. वरची विनंती रद्द समजावी.

ता. क. तिसरा, आणि खरी विनंती हीच. वहिनींच्या हातचा आलेपाक पाठवावा, कडक, आलं भरपूर. दोन डबे. एक माझा. दुसरा वेंडेलचा. सभा संपल्यावर तो मला पायवाटेवर गाठून, इकडेतिकडे बघून, हळूच म्हणाला, "प्रोफेसर, तू उजव्या बाजूला जातोस ना? मी अकरा वर्षं डाव्या बाजूला जातो." डब्यांवर 'संस्कृत ग्रंथ' असं ठळक लिहावं. आमचं टपाल कधी कधी हार्लन घेतो, आणि ग्रंथ तो उघडणार नाही.